डाएटेटिक्ससाठी अमेरिकेत जाताय? ‘व्हेरिफिकेशन स्टेटमेंट मिळवून देतो’ म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका

न्यूट्रिशनमध्ये पदवी घेऊन अमेरिकेत रजिस्टर्ड डाएटिशियन व्हायचं ठरवलेल्या मुलामुलींनी, आणि त्यांच्या फीचे पैसे जमवणाऱ्या आईवडिलांनी, हे वाचावं म्हणून लिहिते आहे. एका कन्सल्टन्सीने ‘आरडी पॅकेज’ या नावाखाली माझ्याकडून एक लाख ऐंशी हजार रुपये घेतले. त्या बदल्यात मला जे कागद मिळाले त्यांतला एक बनावट होता आणि दुसरा खरा असूनही माझ्या काहीच कामाचा नव्हता. तक्रार अजून चालू आहे, म्हणून नाव लिहीत नाही.

फसवणूक कशी झाली हे कळायला आधी तिकडचा नियम समजून घ्यावा लागेल, कारण हा सगळा धंदाच त्या नियमातल्या गुंत्यावर चालतो. आरडीएन म्हणजे रजिस्टर्ड डाएटिशियन न्यूट्रिशनिस्ट ही नोंदणी कमिशन ऑन डायटेटिक रजिस्ट्रेशन, म्हणजे सीडीआर, देतं. १ जानेवारी २०२४ पासून त्यांच्या परीक्षेला बसायला किमान पदव्युत्तर पदवी लागते. पण नुसत्या पदवीवर भागत नाही. अ‍ॅसेंड या संस्थेने मान्यता दिलेल्या प्रोग्राममधून डाएटेटिक्सचे ठरलेले विषय पूर्ण करावे लागतात आणि देखरेखीखालचं प्रत्यक्ष काम किमान १,००० तास करावं लागतं. पदवी, विषय आणि तास या तीन वेगळ्या अटी आहेत. एक पूर्ण झाली म्हणून दुसरी माफ होत नाही.

माझी एमएस्सी फूड अँड न्यूट्रिशनमध्ये झाली आहे. पहिल्याच भेटीत कन्सल्टन्सीतले सर म्हणाले, “तुमची एमएस्सी आहे म्हणजे पदव्युत्तरची अट संपली. राहिलं फक्त स्टेटमेंट आणि इंटर्नशिप, ते आमच्यावर सोडा.” या वाक्याचा पहिला अर्धा भाग बराचसा बरोबर आहे. परदेशी पदवीचं मूल्यमापन होऊन ती अमेरिकन पदव्युत्तर पदवीच्या तोडीची ठरली, तर पदवीची अट भागू शकते. म्हणून तर त्यांचं बोलणं खरं वाटलं. मी सीडीआरच्या साइटवर जे वाचलं होतं तेच ते सांगत होते. खोटं होतं ते पुढच्या अर्ध्या वाक्यात.

व्हेरिफिकेशन स्टेटमेंट म्हणजे अ‍ॅसेंडमान्य प्रोग्रामच्या डायरेक्टरने स्वतःच्या सहीने दिलेला दाखला: या विद्यार्थ्याने आमच्याकडचा प्रोग्राम पूर्ण केला. तो प्रोग्राम न करता हा दाखला मिळण्याची कुठलीच सोय नाही. आपल्या मार्कशीटवरून तो बनत नाही, पदवीचं मूल्यमापन करणाऱ्या संस्था तो देत नाहीत, आपल्या कॉलेजचे प्राचार्यही देऊ शकत नाहीत. पॅकेजमध्ये मात्र ‘इव्हॅल्युएशन आणि व्हेरिफिकेशन’ अशी एकच ओळ होती. मूल्यमापनाची फी खरोखर असते, त्या फीच्या आडून स्टेटमेंटचे पैसे घेतले जात होते.

दुसरा हप्ता भरल्यावर दोन फाइल्स आल्या. एक होतं माझ्या नावाचं व्हेरिफिकेशन स्टेटमेंट, ज्या विद्यापीठात मी कधी एक तासही बसले नाही तिथल्या डायरेक्टरच्या सहीचं. दुसरं होतं प्रवेशाचं पत्र, त्याच विद्यापीठातल्या एमएस इन न्यूट्रिशन सायन्सचं, आणि ते अस्सल होतं. बाबांनी ते पत्र वाचलं आणि त्यांना बरं वाटलं. बाबांचं काही चुकलं नाही. विद्यापीठ खरं, पत्र खरं, कोर्सच्या नावात न्यूट्रिशन आहे. त्यात काय कमी आहे हे घरच्यांनी कशावरून ओळखायचं?

मला स्टेटमेंट खटकलं म्हणून मी अ‍ॅसेंडच्या साइटवरची यादी उघडली. ती कुणालाही फुकट बघता येते. विद्यापीठाचं नाव यादीत होतं! क्षणभर वाटलं, आपणच उगाच संशय घेतला. मग त्या नावासमोर काय लिहिलंय ते नीट पाहिलं. मान्यता होती ती त्यांच्या पदवी पातळीवरच्या डीपीडीला, म्हणजे फक्त विषय शिकवणाऱ्या प्रोग्रामला. मला मिळालेला एमएस त्या मान्यतेत नव्हताच. तो करून मी संशोधनाकडे जाऊ शकले असते, पण आरडीएनच्या वाटेवर एक पाऊलही पुढे गेले नसते, कारण एक पदव्युत्तर पदवी माझ्याकडे आधीच होती. हे मी पुन्हा सांगते, कारण बहुतेक जण इथेच अडकतात: मान्यता विद्यापीठाला नसते, त्या एका प्रोग्रामला असते.

यादीतच डायरेक्टरचा पत्ता असतो. मी सरळ मेल केला, स्टेटमेंट जोडलं आणि विचारलं की हे तुमचं आहे का. उत्तर अगदी सभ्य होतं. त्यांनी ते दिलेलं नव्हतं, माझ्या नावाची विद्यार्थिनी त्यांच्या नोंदीत नव्हती, आणि हा कागद कुठेही वापरू नका, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं. त्या बाईंचे माझ्यावर खरोखर उपकार आहेत. तो कागद अर्जाला लागला असता तर प्रवेश रद्द होण्यावर थांबलं नसतं. व्हिसासाठी खोटी माहिती देणाऱ्याला अमेरिकेत प्रवेशासाठी कायमचं अपात्र ठरवता येतं. एक लाख ऐंशी हजारांत हा माणूस माझं पुढचं सगळं आयुष्य पणाला लावत होता, आणि अर्जाखालची सही माझी असणार होती.

जाब विचारल्यावर सूर बदलला. आधी “मॅडम, सगळे असंच करतात,” मग “ते सॅम्पल होतं,” आणि शेवटी फोन उचलणंच बंद. पैसे यूपीआयने एका व्यक्तीच्या वैयक्तिक खात्यात गेले होते आणि पावतीवर नुसतं ‘मार्गदर्शन शुल्क’ लिहिलं होतं. डायकास या सामाईक अर्जप्रणालीतलं माझं खातंसुद्धा त्यांनी स्वतःच्या ईमेलवर उघडलं होतं, पासवर्ड मला दिलाच नव्हता. तुमच्याही बाबतीत असं असेल तर आजच ते खातं ताब्यात घ्या. तिथे जे जातं ते खरं असल्याची ग्वाही अर्जदार देतो, एजंट नाही.

इंटर्नशिपच्या, म्हणजे त्या प्रत्यक्ष कामाच्या जागेच्या, हमीबद्दलही लिहायला हवं. काही प्रोग्राम जागा लावून देतात. दूरस्थ इंटर्नशिपमध्ये मात्र हॉस्पिटल आणि तिथे देखरेख करणारे प्रिसेप्टर बहुधा विद्यार्थ्यालाच शोधावे लागतात. अशी ‘जागा’ इथे ऑफिसात बसून कुणी विकत असेल तर तिथून उठा.

सरळ मार्ग आहे, आणि एमएस्सी झालेल्यांना तो बंदही नाही. पदव्युत्तर पातळीवरच विषय आणि प्रत्यक्ष काम एकत्र देणारे प्रोग्राम आहेत, त्यांना फ्यूचर ग्रॅज्युएट किंवा कोऑर्डिनेटेड म्हणतात. त्यांतले काही डीपीडी न झालेल्यांनाही घेतात, मात्र बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, स्टॅटिस्टिक्स असे आधीचे विषय झालेले असावे लागतात. कुठला विषय धरतील आणि कुठला पुन्हा करायला लावतील हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. मी आता तेच करते आहे. विषयवार मूल्यमापन स्वतः करून घेतलं आणि डायरेक्टरांना मेलमध्ये एवढंच विचारते: तुमच्या या प्रोग्रामला सध्या मान्यता आहे का, तो पूर्ण केल्यावर व्हेरिफिकेशन स्टेटमेंट मिळतं का, प्रत्यक्ष कामाचे तास त्यातच धरलेले आहेत का, आणि माझे कुठले विषय कमी पडतात. काही जण सविस्तर उत्तर देतात, काही फक्त लिंक पाठवतात. पण हे विचारायला एक रुपयाही लागत नाही.

तक्रारीचं म्हणाल तर सायबर फसवणुकीसाठी १९३० आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५, दोन्हीकडे नोंदवली आहे. थोडे पैसे परत आले, बरेचसे अडकलेत. कुणाकडे अशाच पद्धतीचं स्टेटमेंट आलं असेल तर ते कुठेही अपलोड करू नका, पण रागाच्या भरात डिलीटही करू नका. आलेली फाइल, तिच्यासोबतचा मेल, व्हॉट्सअ‍ॅपवरची बोलणी आणि यूपीआयची नोंद तशीच जपून ठेवा. माझ्या तक्रारीत सगळ्यात आधी हेच मागितलं गेलं.