मणी चांगले, पुस्तिका धोक्याची: नववी-दहावीसाठीचा आनुवंशिकता संच

प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानांत आणि ऑनलाइनही ‘आनुवंशिकता व परिवर्तन संच’ अशा नावाच्या पेट्या मिळतात. वेष्टनावरचं नाव बदलतं, आतला माल जवळपास तोच असतो. इथे पाहिलेल्या पेटीत होतं ते असं: लाल-पांढरे मिळून १०० मणी, दोन कापडी पिशव्या, पाइप क्लीनरच्या गुणसूत्रांची एक जोडी, डीएनएचं जोडायचं प्लास्टिक मॉडेल, पीटीसी (काहींनाच कडू लागणारं रसायन) लावलेल्या कागदाच्या पट्ट्या, केळ्यातून डीएनए काढायचं साहित्य, मानवी गुणांची कार्डं आणि एक पुस्तिका.

पेटी घ्यायचीच तर मण्यांसाठी घ्या. पुस्तिका मुलांच्या हातात देण्याआधी शिक्षकांनी लाल पेन घेऊन वाचावी.

मण्यांपासून सुरुवात करू, कारण या पेटीचा जीव त्यातच आहे. एक पिशवी नराची, एक मादीची. दोन्ही जनक वाटाण्याची संकरित उंच झाडं, म्हणून प्रत्येक पिशवीत लाल आणि पांढरे निम्मे-निम्मे. लाल म्हणजे उंचीचं प्रभावी रूप (जोडीत एक जरी आलं तरी झाड उंच), पांढरा म्हणजे बुटकेपणाचं अप्रभावी. प्रत्येक पिशवीतून न बघता एकेक मणी काढायचा, जोडी लिहायची. इथवर ठीक. पुढे पुस्तिका सांगते, ‘प्रत्येक पिशवीत ८ लाल व ८ पांढरे मणी घ्या, काढलेली जोडी बाजूला ठेवा, १६ जोड्या झाल्यावर मोजा, ३:१ गुणोत्तर मिळेल.’ या एका वाक्यात दोन चुका आहेत.

पहिली चूक मणी बाजूला ठेवण्याची. पिशव्या शेवटपर्यंत रिकाम्या केल्या की लाल-लाल जोड्या आणि पांढऱ्या-पांढऱ्या जोड्या नेहमी नेमक्या सारख्याच निघतात. करून बघा. समजा लाल-लाल ५ जोड्या झाल्या. मग नराचे उरलेले ३ लाल पांढऱ्यांशीच जोडले गेले, आणि मादीचे उरलेले ३ लाल नराच्या पांढऱ्यांशी. नराच्या ८ पांढऱ्यांपैकी ३ असे गेले, राहिले ५, आणि त्यांच्या वाट्याला पांढरेच आले. म्हणजे ५ आणि ५. हा निसर्गाचा नियम नाही, पिशवी रिकामी झाल्याचा हिशोब आहे. एखादी चौकस मुलगी हे पकडते आणि विचारते, तेव्हा पुस्तिकेत उत्तर नसतं. खऱ्या झाडावर परागकण इतके असतात की एक वापरला गेल्याने पुढच्याची शक्यता बदलत नाही. म्हणून मणी दर वेळी परत टाकायचा, पिशवी हलवायची, मग पुढचा काढायचा. असं केलं की पिशवीत १० लाल आणि १० पांढरेही पुरतात.

दुसरी चूक ‘३:१ मिळेल’ या आश्वासनात. परत टाकून १६ जोड्या काढल्या तर बरोबर १२ उंच, ४ बुटके येण्याची शक्यता साडेबावीस टक्क्यांच्या आसपास आहे. बाकीच्या मुलांना १०-६, १४-२ असलं काहीतरी मिळतं. पुस्तिकेने १२-४ छापलेलं असल्याने ती आपले आकडे खोडून तेच लिहितात. विज्ञानाच्या तासाला शिकवायची ती हीच का गोष्ट? त्यापेक्षा जोडीजोडीने बसवा, प्रत्येक जोडीला २० वेळा काढू द्या आणि फळ्यावर सगळ्यांची बेरीज करा. ४० मुलांच्या वर्गात मण्यांच्या ४०० जोड्या होतात, आणि उंचांची संख्या बहुतेकदा २८० ते ३२०च्या मधे पडते. मग वाटाण्यावर आनुवंशिकतेचे प्रयोग करणाऱ्या मेंडेलचे खरे आकडे लिहा: गोल बिया ५४७४, सुरकुतलेल्या १८५०. भागाकार २.९६. त्यालाही नेमके तीन मिळाले नव्हते, आणि ते सात हजारांवर बिया मोजून.

मण्यांची एक छुपी खोड तपासून घ्या. लाल मणी पांढऱ्यांपेक्षा किंचित मोठे किंवा गुळगुळीत असले तर बोटांना कळतं आणि हात नकळत त्याकडे वळतो. डोळे मिटून दहा मणी ओळखायला लावा. सहा-सातहून जास्त बरोबर आले की समजा, मणी बदलायला हवेत. मुलांकडून होणारी नेहमीची चूक म्हणजे एकाच पिशवीतून दोन मणी काढणं. मग संतती एकाच पालकाची होते.

पुस्तिकेतली अक्षरंही मराठी माध्यमाला त्रास देणारी आहेत. फुलाच्या रंगासाठी मोठा पी आणि छोटा पी. देवनागरीत मोठं-छोटं अक्षर ही भानगडच नाही, त्यामुळे मुलं उंचीसाठी ‘उ’ आणि बुटकेपणासाठी ‘बु’ लिहितात. चूक स्वाभाविक आहे, पण त्यातून जनुकं दोन असल्याचा समज होतो, तर खरं जनुक एकच, रूपं दोन. इंग्रजी अक्षरंच वापरायची तर टी, आर, जी अशी घ्या, ज्यांचं मोठं आणि छोटं रूप हाताने लिहिल्यावरही वेगळं दिसतं. पी, सी, एस, डब्ल्यू टाळा. वहीत दोन्ही सारखीच येतात आणि पनेट चौकटीचा (जनुकरूपांच्या जोड्या मांडायच्या तक्त्याचा) चिखल होतो.

याच मण्यांचा सर्वांत चांगला उपयोग पुस्तिकेत दिलेलाच नाही. आईच्या पिशवीत सगळे पांढरे मणी, एक्स गुणसूत्राचे. वडिलांच्या पिशवीत निम्मे पांढरे, निम्मे लाल. लाल म्हणजे वाय. मुलगा की मुलगी हे ज्या पिशवीत दोन रंग आहेत तिथेच ठरणार, हे पहिल्या पाच जोड्यांतच दिसतं. ‘सुनेला मुलीच होतात’ हे वाक्य मुलांनी घरात ऐकलेलं असतंच. फार बोलायची गरज पडत नाही.

गुणसूत्रांची एकच जोडी देणं ही कंजुषी आहे. एका जोडीवर एकसंकर (एकाच गुणाचा संकर) समजावता येतो, दोन गुणांच्या संकरातलं ९:३:३:१ नाही. अर्धसूत्री विभाजनात दोन जोड्या एकमेकींशी न बांधता वेगळ्या होतात, त्यातून चार प्रकारची युग्मकं (नर-मादी बीजपेशी) बनतात, हे दाखवायला लांब आणि आखूड अशा किमान दोन जोड्या लागतात. उपाय घरचाच आहे: दोन रंगांची लोकर आणि गुणसूत्रबिंदूच्या जागी टिचबटण. बटण दाबलं की अर्धगुणसूत्रं जोडलेली, ओढलं की सुटी.

डीएनए काढण्याच्या साहित्यात मात्र सरळ फसवणूक वाटावी असा प्रकार आहे. अल्कोहोल म्हणून दिलेल्या बाटलीवर ७० टक्के लिहिलेलं, म्हणजे सॅनिटायझरच्याच तोडीचं. ते रसात मिसळलं की प्रमाण आणखी घसरतं आणि डीएनए बरंचसं विरघळलेलंच राहू शकतं. मुलं दहा मिनिटं पांढऱ्या धाग्यांची वाट बघतात, वर फक्त फेस. रसायनांच्या दुकानातून ९५ टक्क्यांवरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा आणि आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवा. पिकलेलं अर्धं केळं पिशवीत हाताने कुस्करा. मिक्सर नको, धागे तुटतात. १०० मिली पाण्यात एक छोटा चमचा मीठ आणि दोन छोटे चमचे भांडी घासायचं लिक्विड, फेस न करता हळू ढवळून. केळ्यात हे घालून पाच मिनिटं ठेवा, तलम कापडातून गाळा. परीक्षानळीत बोटभर रस, वर त्याच्या दुप्पट थंडगार अल्कोहोल, नळी तिरकी धरून कडेने. नळी हलवू नका. दोन थरांच्या सीमेवर पांढरे तंतू वर चढतात, ते काडीवर गुंडाळता येतात. केळं फार पिकलेलं असेल तर जेलीसारखा गोळा तरंगतो, तो बराचसा पेक्टिन या फळातल्या चिकट पदार्थाचा. आणि तंतूंतही निव्वळ डीएनए नसतं, आरएनए आणि प्रथिनंही असतात. एवढं मुलांना सांगून टाकावं. अल्कोहोल पेट घेतं, म्हणून जवळपास बर्नर नको.

प्लास्टिकचं मॉडेल हातात उभं धरा. पुढच्या बाजूच्या पट्ट्या डावीकडून उजवीकडे वर चढल्या पाहिजेत, साध्या स्क्रूच्या आट्यांसारख्या. उलट चढत असतील तर तो गोफ डावखुरा आहे, आणि नेहमीचं डीएनए उजवं असतं. पेटीतलं मॉडेल जोडताना दोन्हीकडे वळतं, पुस्तिकेतल्या चित्रात मात्र डावीकडेच वळवलंय.

मानवी गुणांची कार्डं बाजूला ठेवा. जीभ गुंडाळता येणं, कानाची पाळी सुटी की चिकटलेली, हे सगळं ‘एक जनुक, एक गुण’ म्हणून छापलेलं आहे. जिभेबाबत १९५२मध्येच समरूप जुळ्यांच्या ३३ जोड्या तपासल्या गेल्या होत्या. ७ जोड्यांत एकाला जमत होतं आणि दुसऱ्याला नाही. कानाच्या पाळीमागे अनेक जनुकं असतात. यात खरा धोका असा की आईवडिलांना जमत नाही आणि आपल्याला जमतं, हे बघून एखादं मूल घरी जाऊन भलताच प्रश्न विचारतं. पीटीसीच्या पट्ट्या ठेवायला हरकत नाही, पण सोबत साधा कागदही चाखायला द्या, नाहीतर कागदाची चवच कडू म्हणून नोंदवली जाते.

कार्डांऐवजी सिकलसेल हा रक्तपेशींचा आनुवंशिक आजार घ्या. नववीच्या पुस्तकात तो आहेच, आणि गडचिरोली किंवा नंदुरबारच्या शाळेत तो शब्द नवा नाही. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत मूल आजारी असण्याची चारात एक शक्यता. ‘चार मुलांपैकी एक आजारी’ असं नव्हे. मणी परत टाकण्याचा मुद्दा इथेही तोच. वर्गात कोणाचीही तपासणी किंवा घरचा अहवाल विचारू नका, काल्पनिक वंशवृक्ष वापरा.

‘परिवर्तन’ वेष्टनावर ठळक आहे, आत त्यासाठी काहीच नाही. ५० चिंचोके आणि मिलिमीटरची पट्टी पुरते: लांबी मोजा, गट पाडा, स्तंभालेख काढा. मधले गट उंच आणि दोन्ही टोकं उतरती येतात. उंच-बुटका असे दोनच कप्पे पाहिलेल्या मुलांना ते दाखवायलाच हवं.

एका पेटीत पिशव्यांची जोडी एकच, म्हणजे ४० मुलांत दोघं करतात आणि बाकीची बघतात. पूर्ण वर्गाला २० जोड्या पिशव्या, ४०० लाल आणि ४०० पांढरे मणी लागतील. मण्यांच्या दुकानात ते सुटे मिळतात. दोन्ही रंग एकाच आकाराचे आणि एकाच पॉलिशचे हवेत, हे दुकानदाराला दोनदा सांगा.