बोअरचं पाणी आणि ओटा: कडप्पा की ग्रॅनाइट?

आमच्याकडे बोअरचं पाणी. नळाच्या बुडाशी पांढरी खरखरीत कड धरते, नखाने खरवडली तरी हलत नाही. हा साठा मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, आंबटाने विरघळणारा.

ग्रॅनाइटवर म्हणूनच काम सोपं. व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून फडकं भिजवा, पाच मिनिटं डागावर ठेवा, पुसून स्वच्छ धुवा. संडासाचं ॲसिड मात्र चुकूनही नको. पाण्याचा थेंब दहा मिनिटांत मुरून दगड काळपट दिसला, तर सीलर (दगडात पाणी मुरू नये म्हणून लावतात तो लेप) पुन्हा लावायची वेळ झाली.

कडप्प्याची गोष्ट वेगळी. तो चुनखडीचा दगड. म्हणजे डाग ज्याचा, जवळपास त्याचाच ओटा! लिंबू फिरवलं की क्षारांबरोबर दगडही खातं आणि काळ्या ओट्यावर राखाडी चट्टा राहतो. मी हे केलंय, आणि तो चट्टा कुठल्याही साबणाने गेला नाही. शेवटी बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासला, वाळल्यावर तेलाचा हात दिला, तेव्हा रंग परतला.

कडप्पा स्वस्त, पण पाणी जड असेल तर मी ग्रॅनाइटच घ्या म्हणेन. कडप्पा आधीच असेल, तर रोज रात्री नळाभोवतीचं पाणी कोरड्या फडक्याने टिपून घ्या.