चौघांत एक गिटार : स्ट्रॅट जोडावी की टेली?

गिटारचं वेड असलेल्या प्रत्येकाच्या घरी एक खोका असतो. कुणी पिकअप, म्हणजे तारांची थरथर पकडणारे चुंबक, बदलले, त्याचे जुने तिघे पडून आहेत. कुणाची बॉडी तडकली, पण नेक, म्हणजे डाव्या हातात धरायचा लांब दांडा, शाबूत राहिला. कुणी नव्या खुंट्या बसवल्या आणि जुन्या सहाच्या सहा बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या. असे चार खोके एका टेबलावर ओतले की त्यातून आणखी एक गिटार उभी राहू शकते, सगळ्यांच्या मालकीची. आम्ही पुण्यातले तिघे आणि रत्नागिरीचा एक मित्र, अशा चौघांनी मिळून दोन गिटारी जोडल्या. दोन्ही इलेक्ट्रिक: पहिली स्ट्रॅट म्हणजे स्ट्रॅटोकास्टर, दुसरी टेली म्हणजे टेलिकास्टर. दर महिन्याला गिटारी एका घरातून दुसऱ्या घरी जातात. तुमच्या गटात असा बेत शिजत असेल तर दोन्हींतली कोणती निवडावी, यासाठी हे लिहितोय. माझं मत आधीच सांगतो: सामायिक गिटार म्हणून टेली उजवी. पण शेवटचा निर्णय तुमच्या खोक्यातला नेक करतो, आवाज नाही.

दोन्ही गिटारी लिओ फेंडरच्या. हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, स्वतः गिटार वाजवत नसे. टेलिकास्टर हे नाव १९५१ चं, स्ट्रॅटोकास्टर आली १९५४ मध्ये. नेक बॉडीला चिकटवून टाकायची रीत सोडून त्याने तो चार स्क्रूंनी आवळला. नेक खराब झाला तर काढून दुसरा लावता यावा, हा दुरुस्तीवाल्याचा विचार त्यामागे आहे. आज आपण खोक्यातून गिटार जोडू शकतो ती त्या चार स्क्रूंच्या जोरावर. गिटारवादक एरिक क्लॅप्टनने १९७० मध्ये नॅशव्हिलच्या एका दुकानातून जुन्या स्ट्रॅट घेतल्या, त्यांतल्या काही मित्रांना दिल्या आणि उरलेल्या तिघींचे चांगले चांगले भाग काढून एक गिटार केली. तीच ‘ब्लॅकी’. २००४ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात तिला ९,५९,५०० डॉलर आले. तिचे भाग एकमेकांत बसले, कारण तिन्ही गिटारी एकाच घराण्याच्या होत्या. आपल्या खोक्यांचं तसं नसतं. एक भाग इंचात मोजून केलेला, दुसरा मिलिमीटरमध्ये, आणि सगळी कसोटी तिथे लागते.

गटात कुणी तरी गिब्सन कंपनीच्या लेस पॉल पद्धतीची सुचवेलच. सुट्या भागांतून ती करू नका. तिचा नेक बॉडीला कोनात चिकटवलेला असतो. एका गिटारचा नेक दुसरीच्या बॉडीत नीट बसणं कठीण, आणि एकदा चिकटला की पुन्हा उघडणं त्याहून कठीण. डोकं मागे झुकलेलं असल्यामुळे गिटार पडली तर नेमकी तिथे मोडते. दर महिन्याला एसटीने फिरणाऱ्या गिटारीला हे झेपणारं नाही.

तर मग नेक. पहिल्या बैठकीत सगळे नेक टेबलावर मांडा आणि उलटे करून त्यांचं बुड पाहा, म्हणजे बॉडीच्या खाचेत जातो तो भाग. स्ट्रॅटच्या नेकचं बुड टोकाशी कमानदार असतं, टेलीचं सरळ कापलेलं. रुंदी दोन्हींची साधारण ५६ मिमी, आणि स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, एकच, २५.५ इंच म्हणजे ६४८ मिमी. स्ट्रॅटचा नेक टेलीच्या खाचेत ठेवला तर कोपऱ्यांत बारीक फट दिसते, पण नेक बसतो आणि सुराला धक्का लागत नाही. उलट टेलीचा नेक स्ट्रॅटच्या खाचेत घातला की कोपरे अडतात आणि तो पूर्ण आत जात नाही. मग कोपरे कानशीने घासायचे. स्वतःचा नेक असता तर घासला असता. पण तो मित्राने गटाला दिलेला आहे, उद्या गट मोडला तर त्याला जसाच्या तसा परत जायला हवा. टेलीची बॉडी दोन्ही जातींचे नेक घेते, म्हणून माझ्या लेखी ती इथेच एक पाऊल पुढे जाते.

नेक निवडताना आणखी दोन गोष्टी बघा. डोक्याजवळच्या नटपासून (तारा बसतात ती खाचांची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) ३२४ मिमी भरलं पाहिजे. कमी भरलं तर तो नेक वेगळ्या स्केलचा आहे, बाजूला ठेवा. दुसरं, ट्रस रॉडचा, म्हणजे नेकचा बाक सावरणाऱ्या आतल्या सळईचा, स्क्रू डोक्याच्या बाजूला आहे की बुडाला? जुन्या धाटणीच्या नेकला तो बुडाला असतो, आणि फिरवायचा तर नेक सैल करावा लागतो. आमची गिटार पावसाळ्यात रत्नागिरीला जाते आणि हिवाळ्यात पुण्याच्या कोरड्या हवेत परत येते. लाकूड हलतं, ट्रस रॉड वर्षातून दोन-तीनदा तरी हाताळावा लागतो. तो डोक्याकडून फिरवता आला की काम पाच मिनिटांचं होतं.

बॉडी हाताशी नसेल तर टेलीचं पारडं आणखी जड होतं. टेलीची मूळ बॉडी म्हणजे साधारण ४५ मिमी जाडीची सपाट फळी. राउटर (लाकूड कोरायचं यंत्र) असलेला सुतार कागदी साच्यावरून ती कापून देतो. स्ट्रॅटला पोटाशी आणि कोपराशी उतार द्यावा लागतो, शिवाय स्प्रिंगांसाठी मागून आरपार पोकळी. तेवढं काम हौशी हाताला जड जातं. जुन्या वाड्याच्या चौकटीचं सागवान वापरावं असं सगळ्यांच्याच मनात येतं. ‘क्वीन’ बँडच्या ब्रायन मेने १९६३ मध्ये वडिलांबरोबर गिटार करायला घेतली तेव्हा नेक जुन्या शेकोटीवरच्या फळीतून काढला होता, फ्रेटवरचे ठिपके आईच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांचे होते, आणि दोन वर्षं खपून ती पूर्ण झाली. सागवानाची हौस मलाही आहे, पण बॉडीला ते फार जड पडतं. सतारीला वापरतात ते तूनाचं लाकूड हलकं असतं, मिळालं तर ते बघा.

स्ट्रॅटचा ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात तो भाग, घेताना व्हर्नियर बरोबर ठेवा. जुन्या मापाच्या ब्रिजवर पहिल्या आणि सहाव्या तारेत साधारण ५६ मिमी अंतर असतं, नव्या मापात ५२.५ च्या आसपास. अरुंद नेकवर रुंद ब्रिज बसला की कडेच्या तारा बोटाखालून घसरून खाली जातात, आणि हे तारा चढवेपर्यंत कळत नाही. आमच्या स्ट्रॅटला ब्रिज दोनदा बदलावा लागला. टेलीच्या ब्रिजचं दुखणं वेगळं: जुन्या पद्धतीत तीनच सॅडल (तार टेकते ते ठोकळे), एका सॅडलवर दोन तारा, त्यामुळे प्रत्येक तारेचा सूर स्वतंत्रपणे जुळवता येत नाही. सहा सॅडलचा ब्रिज शोधा, हा प्रश्न मिटतो.

नेक आवळण्याआधी मात्र घाई करू नका. आम्ही मासेमारीचा बारीक दोरा घेतला. तो पहिल्या आणि सहाव्या तारेच्या जागी नटमधून ब्रिजपर्यंत ताणला आणि दोन्ही बाजूंना नेकच्या कडेपासून दोऱ्याचं अंतर सारखं येईपर्यंत नेक केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवत राहिलो. चौघंही टेबलाला टेकून श्वास रोखून बघत होतो. अंतर जुळल्यावर शिकंजा लावला, मग भोकांच्या खुणा केल्या. जुनी भोकं नव्या बॉडीशी जुळत नसली तर त्यांत कठीण लाकडाची खुंटी सरसाने ठोकून, वाळवून, मग नव्याने भोक पाडायचं. स्क्रूच्या आट्यांना मेण लावलं की ते सहज जातात आणि पिळून तुटत नाहीत.

आता तारा आणि सोल्डर. सामायिक गिटारीत दुरुस्ती सतत निघते, कारण हात चार असतात. जॅक सैल होतो, आवाज कमी-जास्त करणारा पॉट खरखरतो. स्ट्रॅटमध्ये तिन्ही पिकअप आणि सगळं वायरिंग पुढच्या प्लास्टिकच्या पत्र्याला मागून लटकलेलं असतं. आत बघायचं तर तारा उतरवा, अकरा स्क्रू काढा. नेक बावीस फ्रेटचा असला तर त्याचं टोक पत्र्यावर येतं, म्हणजे नेकही सैल करा. टेलीत दोन स्क्रू काढले की पॉट आणि स्विचची पट्टी तारांसकट गिटार तशीच ठेवून वर येते. रात्री अकरा वाजता खरखर सुरू झाली तर सकाळी वाजवायला गिटार हातात असते. नुसतं पिकअप उघडायचं असेल तेव्हा टेलीलाही तारा उतरवाव्या लागतात, पण ते क्वचित.

वेगवेगळ्या खोक्यांतले पिकअप एकत्र आले की फेज उलटी निघण्याचा, म्हणजे एकाने दुसऱ्याचा आवाज कापण्याचा, धोका दोन्हींत आहे. एकेक वाजवलं तर उत्तम, दोन एकत्र केले की आवाज बारीक, नाकातून आल्यासारखा. आमच्या स्ट्रॅटला हे झालं आणि दोन संध्याकाळी आम्ही सोल्डर तपासत बसलो. सोपी परीक्षा आहे. काट्याचा मल्टिमीटर पिकअपच्या दोन वायरींना लावा, स्क्रूड्रायव्हरचं टोक पिकअपवर टेकवा आणि झटक्यात उचला. काटा कुठल्या बाजूला उसळतो ते लिहून ठेवा. सगळ्या पिकअपचा काटा एकाच बाजूला उसळला पाहिजे. स्ट्रॅटच्या पिकअपमध्ये दोन वायरींची अदलाबदल केली की झालं. टेलीच्या नेकजवळच्या पिकअपला धातूचं झाकण असतं आणि ते अर्थिंगच्या वायरीला जोडलेलं असतं. ती जोडणी आधी तोडून झाकणाला स्वतंत्र अर्थिंग द्यावं लागतं, नाहीतर झाकणाला हात लागला की घूं घूं सुरू. एका वेटोळ्याच्या सिंगल कॉइल पिकअपला २५० के (किलोओहम) चे पॉट घ्या, दोन वेटोळ्यांचा हंबकर लावणार असाल तर ५०० के चे. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या गल्ल्यांत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला सोल्डर, वायर, कपॅसिटर सगळं मिळतं. पॉट घेताना मात्र त्याचा दांडा तुमच्या बटणात बसतो का ते दुकानातच बघा, दांड्याची मापं दोन-तीन प्रकारची येतात.

स्ट्रॅटचा आवाज मला जास्त आवडतो, हेही इथे मांडायला हवं. टेलीत स्विचच्या तीन जागा, स्ट्रॅटमध्ये पाच, आणि दुसऱ्या-चौथ्या जागेवरचा तो काचेसारखा स्वच्छ आवाज टेली देत नाही. गटात कुणी सुगम संगीताला साथ करत असेल तर त्याला स्ट्रॅटच हवी असेल. शिवाय स्ट्रॅटचे भाग खोक्यांत विपुल निघतात. आमच्या चार खोक्यांत स्ट्रॅटचे अकरा पिकअप होते आणि टेलीचा एकही नव्हता. टेलीला पिकअप, ब्रिज आणि पट्टी विकत घ्यावी लागली, चौघांत वर्गणी काढून.

पण गिटार एका घरात राहत नाही, आणि स्ट्रॅटच्या ट्रेमोलोला, म्हणजे दांडीने हलवता येणाऱ्या ब्रिजला, नेमकं हेच सोसत नाही. तो ब्रिज एका बाजूला तारांच्या आणि दुसऱ्या बाजूला स्प्रिंगांच्या ताणावर तरंगतो. एकाने नवाच्या बारीक तारा लावल्या, पुढच्याने दहाच्या जाड, की ब्रिज वर उचलला जातो, सगळी उंची बदलते आणि स्प्रिंगा पुन्हा आवळा. एक तार तुटली तर बाकीच्या पाचही चढतात. यावर उपाय आहे: ब्रिजच्या ठोकळ्यामागे लाकडाचा तुकडा घट्ट बसवून ट्रेमोलो बंद करायचा. क्लॅप्टनही तसंच करतो. आम्ही सागवानाची चकती घासून बसवली आणि त्या दिवसापासून आमची स्ट्रॅट सुरात राहते.

म्हणून हिशोब असा लावा. बॉडी नाही, किंवा नेक टेलीचा आहे, किंवा गिटार महिन्याला घर बदलणार आहे: टेली. स्ट्रॅटची बॉडी आणि तिला बसणारा नेक खोक्यात तयार आहे आणि खिशात पैसे कमी आहेत: स्ट्रॅट, पण ट्रेमोलो पहिल्याच दिवशी लाकूड घालून बंद. दोन्हींत तारांचं माप आधीच ठरवून घ्या आणि चौघांनी तेच पाळा. प्रत्येक भागाच्या आतल्या बाजूला देणाऱ्याचं नाव पेन्सिलीने लिहा. बॅगेत एक वही ठेवा: कुणी कोणत्या तारखेला ट्रस रॉड किती फिरवला, बाराव्या फ्रेटवर तारेची उंची किती होती. आमची वही आत्ता टेलीबरोबर रत्नागिरीला आहे. शेवटची नोंद जुलैची, ट्रस रॉड पाव फेरा.