पुराच्या दिवसांत ऐकलेला 'नेपच्यून्स लेअर'

ड्रेक्सिया या डेट्रॉइटच्या, मशीनवर संगीत करणाऱ्या जोडीचा 'नेपच्यून्स लेअर' हा अल्बम १९९९ साली बर्लिनच्या ट्रेसॉर लेबलवर आला. माझ्या कानांवर पडायला यंदाचा पावसाळा उजाडला. नाशिकला गंगापूर धरणातून विसर्ग चालू होता, जो तो आमच्याकडे पुराचं माप असलेल्या मूर्तीबद्दल 'दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं?' एवढंच विचारत होता. सेकंड शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी अल्बम लावला. सातपूर ते पंचवटी, एकही ट्रॅक पुढे ढकलावासा वाटला नाही.

मी नऊ वर्षं पथकात ताशा वाजवते, त्यामुळे कुठलंही संगीत आधी हातात येतं. टेक्नो या मशीनवरच्या नाचाच्या संगीतात किक, म्हणजे खालचा जड ठोका, सरळ पडते, एक-दोन-तीन-चार, मिरवणुकीत पाय पडतात तशी. इलेक्ट्रो या त्याच्या भावंडात ती मोडते. तिसऱ्या मात्रेला टोला येणार म्हणून हात उचलावा, तर तो जरा आधीच पडून गेलेला असतो. बसमध्ये मी गुडघ्यावर बोटांनी धरायला गेले आणि पहिल्या दिवशी दर वेळी सुटले. ताशाच्या तर्रीत, त्या सलग कडकडाटात, जागा शिल्लकच राहत नाही. इथे जागा सोडलेली आहे, आणि सगळी ताकद तिथेच आहे.

अल्बम या दोन्ही चालींत फिरतो. मला सगळ्यात आवडला तो 'अँड्रियन सँड ड्यून्स'. खाली ठोका धरून ठेवलेला, वर सिंथसायझरची एकच ओळ गोल गोल फिरते आणि फिरता फिरता उजळत जाते. द्वारका चौकात बस सिग्नलला थांबली होती, काचेवरून पाणी ओघळत होतं, आणि मला वाटलं, सिग्नल सुटूच नये.

ड्रेक्सियातल्या जेम्स स्टिन्सन आणि जेराल्ड डोनाल्ड या दोघांनी स्वतःची ओळख झाकून ठेवली. पुढे आणली ती एक कथा. १९९७ च्या 'द क्वेस्ट' या त्यांच्या संग्रहासोबत ती छापली होती: गुलामांच्या जहाजांवरून समुद्रात फेकलेल्या गरोदर आफ्रिकी बायकांची मुलं पाण्यातच जन्मली, पाण्यातच श्वास घ्यायला शिकली. हे वाचल्यावर मी अल्बम पहिल्यापासून पुन्हा लावला. आधी जे नुसते बुडबुडे वाटले होते, तिथे आता कुणीतरी श्वास घेत होतं. स्टिन्सन २००२ मध्ये गेले.

एक तक्रार आहे. एकवीस ट्रॅक जास्त होतात. मधले काही तुकडे रंग चढायच्या आतच संपतात, रियाजात वाजवून बघितल्यासारखे. तीन-चार गाळले असते तर अल्बम आणखी घट्ट झाला असता.

फोनच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका, खालचा सगळा आवाज गळून जातो. साधे वायरचे इअरफोनही चालतील.

रविवारी सरावाला पथकातल्या आमच्या काकांना एक इअरफोन दिला. पंचवीस वर्षं ढोल वाजवणारा माणूस. डोळे मिटून ऐकलं, मग विचारलं, "ढोल कोण धरतंय गं यात?" म्हटलं, मशीन आहे, काका. त्यांनी दुसरा इअरफोनही मागून घेतला, टिपरू उचललं आणि ढोलाच्या पानावर हळूच तो ठेका धरायला लागले. दोनदा चुकले. तिसऱ्यांदा जमलं.