४८,५०० रुपये घालवले, बिघाड होता एका फुटक्या नळीत

लाज वाटतेय लिहायला, पण लिहितो. जुनी फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देता येते ती गाडी) बाळगणारे माझ्यासारखे बरेच असतील आणि प्रत्येकाला कधीतरी हा "साहेब, खोलल्यावर कळेल" वाला मेकॅनिक भेटणारच.

गाडी १४ वर्षांची, डिझेल. नॉब फिरवून टू एच (फक्त मागची दोन चाकं), फोर एच (चारही), फोर एल (चारही, कमी वेग जास्त जोर) होणारी. झालं काय, चिखलात फोर एच टाकलं तर खालून मोटरचा घुर्र आवाज आला, डॅशबोर्डवरचा लाईट ब्लिंक होत राहिला आणि नुसती मागचीच चाकं फिरत बसली. गॅरेजवाल्याने दोन मिनिटं कान लावला आणि म्हणाला ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा डबा) गेलाय, त्यातली चेन ताणलीय, शिफ्ट मोटरपण (टू एच-फोर एच बदलणारी) जळाली. अहो जळालेली मोटर घुर्र करते का? तेव्हा सुचलं नाही. मी काही अडाणी नाही हो, २० वर्षं गाडी चालवतोय, ऑइल फिल्टर स्वतः बदलतो, पण माणूस गोड बोलत होता, वर चहा पाजत होता आणि मला चार दिवसांत गाडी पाहिजे होती.

हिशोब असा: ट्रान्सफर केस रिकंडिशन ३१,०००, शिफ्ट मोटर ९,५००, मजुरी ६,०००, तेल २,०००. एकूण ४८,५००. त्यातले २०,००० ॲडव्हान्स. बिल कच्चं, वहीच्या कागदावर. "पक्कं पाहिजे तर टॅक्स पडेल साहेब." मी म्हटलं राहू दे. हो, मीच म्हटलं.

आता ज्या क्षणासाठी मी स्वतःला रोज शिव्या घालतो तो. गॅरेजच्या पोराने वाटीत तेल आणून दाखवलं, काळंकुट्ट, दाट, कुजक्या अंड्यासारखा वास, आणि बोटावर घेतलं तर सोनेरी चकाकी. "बघा साहेब, आतलं सगळं झिजलं." माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये ट्रान्सफर केसला एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये घालतात ते तेल) लिहिलंय, ते असतं लाल आणि पातळ, जुनं झालं तर तपकिरी होतं. ते दाट वासाचं तेल गिअर ऑइल, आणि सोनेरी म्हणजे पितळ, ते येतं कुठल्यातरी गिअरबॉक्सच्या सिंक्रोमधून (गिअर जुळवणाऱ्या पितळी रिंगा). माझी वाटीच नव्हती ती! त्यात गाडी लिफ्टवर होती, मी खाली उभा होतो, ट्रान्सफर केसचा ड्रेन बोल्ट (तेल काढायचा) डोळ्यासमोर, आणि त्याच्यावर वाळलेला चिखल तसाच थापलेला. पाना लागला असता तर चिखल राहिला असता का? मी बघितलं तो चिखल. बघितलं आणि मान हलवली.

डिलिव्हरीला टेस्ट ड्राइव्ह दिली कोरड्या डांबरावर. लाईट ब्लिंक व्हायचा थांबलेला (वायर मारून थांबवला होता, नंतर कळलं). फोर एचमध्ये फुल वळण घेतलं, गाडी लोण्यासारखी वळली, आणि मी खूश, म्हटलं वा काय स्मूद झाली. च्यायला, पार्ट टाइम (गरजेपुरती लावायची) फोर बाय फोर खरंच लागली असती तर कोरड्या रस्त्यावर फुल वळणात अडखळली असती, टायर घासले असते. स्मूद वळली म्हणजे लागलीच नव्हती.

पुढच्या चिखलात पुन्हा तेच. दुसऱ्या मेकॅनिकने अर्ध्या तासात सांगितलं. फोर एच टाकून इंजिन बंद, पुढची दोन्ही चाकं स्टँडवर, मागच्यांना अडण, हँडब्रेक, आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट (पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा) हाताने फिरवला. थोडा खटखट हलून अडला. म्हणजे ट्रान्सफर केस पुढचं-मागचं जोडतोय, आपलं काम करतोय, दोष पुढे हबकडे (पुढचं चाक ॲक्सलला जोडणारा भाग). माझे हब व्हॅक्यूमवर, म्हणजे नळीतून हवा ओढून, लागतात. त्याने हबजवळची नळी काढली, इंजिन चालू करून तोंडाला बोट लावलं, ओढच नाही. मग नळी धरत धरत मागे गेला, ब्रॅकेटला घासून एका जागी चीर पडलेली. सरळ धरली तर दिसत नाही, वाकवली की तोंड उघडते. नळी आणि मजुरी मिळून २४० रुपये. नळी तपासल्याशिवाय ट्रान्सफर केस खोलू देऊ नका, आणि खोलणारच असेल तर बोल्टवर आधी पेंटचा ठिपका मारून ठेवा.

पोलिसांकडे गेलो. "गाडी चोरीला गेली का? तुमच्याकडे आहे ना? मग हे सिव्हिल मॅटर." अर्ज घ्यायला दोन दिवस फिरवलं, पोच मागितली तर साहेब जेवायला गेलेत. ऑनलाइन ग्राहक तक्रार केली तर पक्कं बिल अपलोड करा. नाही म्हणून तर आलोय ना! यूपीआयचे स्क्रीनशॉट दिले, तर म्हणे यावरून काम काय केलं ते कळत नाही. फोन केला की तक्रार क्रमांक सांगा, सांगितला की होल्डवर, मग कट. अकराव्या दिवशी मेसेज, तक्रार निकाली. कोणी काढली, काय निकाल, काही नाही. गॅरेजवाल्याला साधा फोनसुद्धा गेला नव्हता, त्यानेच हसत सांगितलं मला.

जुने पार्ट परत मागा, लगेच, तिथेच. मी आठवड्याने मागितले, तर गोणीत घालून एक शिफ्ट मोटर दिली, "ही तुमची". तिचा कनेक्टर माझ्या वायरिंगला बसतच नाही, पिनाच वेगळ्या. कुठल्या गाडीची आहे ते कोणाला ओळखता आलं तर सांगा.