पॅनेलवर उभं राहून दाखवणाऱ्यापासून सावध राहा

गेल्या वर्षी जानेवारीत धायरीतल्या आमच्या घराच्या गच्चीवर तीन किलोवॅटचं सोलर बसवलं. यांच्या निवृत्तीच्या पैशातले १ लाख २५ हजार रुपये त्यात गेले. आम्ही फसलो. कसे फसलो ते सगळं लिहितेय, कारण ते सोलर विकणारा माणूस आमच्या भागात अजूनही घरोघरी फिरतोय.

माझा त्याला पहिलाच प्रश्न होता, गारांचं काय? एप्रिल-मेमध्ये वळवाच्या पावसात कधी गारा पडल्या तर पत्रा नुसता तडतडतो, आणि ही तर काच. त्यानं टेम्पोतून एक पॅनेल काढलं, अंगणात चार विटांवर आडवं ठेवलं आणि बुटांसकट वर चढला. दोन-तीनदा पाय आपटले. "बघा काकू, चरा तरी पडला का? पंचवीस वर्षं बघायला नको." मी खाली वाकून काचेवरून हात फिरवला. खरंच काही झालं नव्हतं. तिथंच माझा विश्वास बसला.

आता कळतंय की त्यानं दाखवली ती काचेची ताकद. पॅनेलची काच साधारण ३.२ मिलिमीटर जाड आणि तापवून कडक केलेली असते. प्रमाणित पॅनेलची चाचणी घेताना २५ मिलिमीटरचे बर्फाचे गोळे ताशी ८० किलोमीटरहून जास्त वेगानं त्यावर मारतात आणि ते टिकतं. पण वीज काच बनवत नाही. ती बनते काचेखालच्या सिलिकॉनच्या चकत्यांत, ज्यांना सेल म्हणतात, आणि त्या पोस्टकार्डापेक्षाही पातळ असतात. वर माणूस चढला की काच किंचित वाकते आणि परत सरळ होते. आतल्या सेलला मात्र केसासारखे बारीक तडे जातात. डोळ्यांना काही दिसत नाही. म्हणूनच पॅनेलवर पाय देऊ नका, असं कंपन्यांच्या माहितीपत्रकातच छापलेलं असतं. त्याच्या फिटर पोरांनी तर बसवताना सरळ पॅनेलवरून ये-जा केली. आम्ही खालून त्यांना चहा नेऊन दिला.

पैशांचा भाग थोडक्यात सांगते. सरकारी योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजारांची सबसिडी आहे आणि ती थेट आपल्या बँक खात्यात येते. हा म्हणाला, "त्या भानगडीत पडू नका, सहा महिने हेलपाटे घालावे लागतील, मीच ७० हजार कमी करतो." आम्हाला ते सोयीचं वाटलं. बिलावर एकच ओळ होती, 'सोलर सेट ३ किलोवॅट'. ना कंपनीचं नाव, ना पॅनेलचे नंबर. वॉरंटी कार्ड त्याच्याच दुकानाच्या शिक्क्याचं.

पहिल्या उन्हाळ्यात दिवसाला अकरा युनिट मिळायची. तीन किलोवॅटला बारापर्यंत मिळायला हवीत, पण आम्ही खूश होतो. पावसाळ्यात कमी झाली, ते साहजिक होतं. या मार्चमध्ये मात्र आकाश निरभ्र, ऊन कडक, आणि ॲपवर सात युनिट. फोन केला तर म्हणाला धूळ बसलीय, धुवा. धुतलं. मग म्हणाला हवा दमट आहे. पुण्यात, मार्चमध्ये! त्यानंतर फोन उचलणंच बंद.

माझा भाचा नाशिकला सोलर फिटिंगचं काम करतो. तो आला आणि सकाळच्या तिरप्या उन्हात एकेक पॅनेल बघत गेला. सेलवर तपकिरी, वाकड्यातिकड्या रेघा उमटल्या होत्या, गोगलगाय चालून गेल्यासारख्या. तडे गेलेल्या जागी ओल शिरली की काही महिन्यांनी अशा रेघा दिसायला लागतात, असं त्यानं सांगितलं. मग मागच्या बाजूचं स्टिकर त्यानं नखानं उचललं. खाली जुन्या स्टिकरचा चिकट, काळपट चौकोन होता. फ्रेमच्या भोकांभोवती आधीच्या नटबोल्टांचे ओरखडे होते. काचेच्या आत, कडेला छापलेला बारकोडचा नंबर आणि मागच्या स्टिकरवरचा नंबर नऊपैकी एकाही पॅनेलचा जुळला नाही. कुठल्यातरी प्रकल्पातून उतरवलेला जुना माल पुसून, नवी स्टिकरं लावून आमच्या गच्चीवर चढवला होता. सबसिडी का टाळली, तेही तेव्हाच उमगलं. योजनेत पॅनेलची माहिती पोर्टलवर भरावी लागते.

चांगलं पॅनेल टिकतं, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही. पंचवीस वर्षांनी ८० टक्के वीज देण्याची हमी कंपन्या देतात. पण ती हमी कंपनीच्या कागदावर आणि नंबरानिशी हवी. टेम्पो दारात उभा असतानाच काचेतला नंबर, मागचा नंबर आणि बिलावरचा नंबर स्वतः ताडून बघा, फोटो काढा, आणि तो नंबर खरा आहे का ते कंपनीलाच विचारा. फिटरला पॅनेलवर पाय ठेवू देऊ नका. कितीही वाईट वाटलं तरी ठामपणे सांगा.

आम्ही पोलिसांत तक्रार दिली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही, पण अर्ज दोन वर्षांच्या आत करावा लागतो. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही माहिती मिळते. धायरी, नऱ्हे, वडगाव भागात कोणाच्या अंगणात असंच पॅनेलवर उभं राहून दाखवलं गेलं असेल, तर आजच गच्चीवर जाऊन नंबर तपासा आणि बिल फेकू नका.