फासा हातातला की मोबाइलमधला?

दिवाळीच्या सुट्या लागल्या की गावातली कोणीतरी आई मला रस्त्यात थांबवतेच. "मॅडम, पोरांनी लुडोचा फासा हरवला जी. नवा आणू का मोबाइलवरच भागवू?" वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, आणि आमच्या बाराजणींच्या भिशीचा हिशोबही माझ्याकडेच असतो. त्यामुळे प्लास्टिकचा फासा, मोबाइलमधला फासा, चिठ्ठ्या, चिंचोके हे सगळं माझ्या हातून गेलेलं आहे. एकच उत्तर सगळीकडे चालत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घरच्या खेळासाठी माझं मत पक्कं आहे. पाच-दहा रुपयांचा खरा फासा आणा. घेताना फक्त एवढं बघा की समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात येते का: एकच्या मागे सहा, दोनच्या मागे पाच, तीनच्या मागे चार. सहाच्या बाजूला सहा खळगे कोरलेले म्हणून ती बाजू किंचित हलकी असते, हे खरं आहे. जुगारघरांतल्या फाशांचे खळगे म्हणूनच तेवढ्याच वजनाच्या पदार्थाने भरून सपाट केलेले असतात. घरच्या डावात तो फरक कोणाला जाणवणार नाही. खरी गडबड होते ती घासलेल्या कोपऱ्याची आणि त्याहून जास्त हाताची. पोरं फासा टाकत नाहीत, सरकवतात. आमच्याकडे वाटीत खळखळ हलवून उपडी करायची, असा नियम केला आणि भांडणं निम्म्यावर आली.

संशय असेल तर फासा १२० वेळा टाका आणि प्रत्येक आकड्यापुढे रेघा मारा. सरासरी २० यायला हवी, पण १२ ते २८ च्या मध्ये काहीही आलं तरी फासा दोषी धरू नका. एखादा आकडा त्याच्या बाहेर गेला तर पुन्हा १२० वेळा टाका. दोन्ही खेपांना तोच आकडा तसाच बाहेर गेला, तर मात्र फासा फेकून द्या. पाचवीच्या पोरांनी हे एकदा दुपारभर केलं. सरासरी कशी काढतात, हे त्यांना नंतर फळ्यावर शिकवावं लागलं नाही.

आता मोबाइल. त्यातला फासा कुठे गडगडत नाही, तो हिशोब करतो. एका सुरुवातीच्या आकड्यावर ठरलेली आकडेमोड करत पुढचा, त्याच्या पुढचा असे आकडे तयार होतात. सुरुवात तीच ठेवली तर सगळी रांग तीच येते, म्हणून ती दर वेळी वेगळी घेतात. म्हणजे काटेकोर बोलायचं तर ते नशीब नाही, नशिबाची चांगली नक्कल आहे. लुडोला ती भरपूर पुरते. रँडम डॉट ऑर्ग ही साइट १९९८ पासून वातावरणातल्या रेडिओ खरखरीतून आकडे काढून देते, तिथे अशी आकडेमोडच नाही. पण घरच्या डावासाठी एवढ्या दूर जायची गरज नाही.

"मोबाइल सहा देतच नाही" ही पोरांची तक्रार मी शंभरदा ऐकली असेल. खरं तर सहा दानांत एकदाही सहा न पडणं तीनातून एकदा घडतं, आणि दहा दानं कोरडी जाण्याची शक्यताही सुमारे १६ टक्के असते. लाकडाचा फासा घ्या, प्लास्टिकचा घ्या, हेच होणार. हातातला फासा कोरडा गेला तर पोरगं आपल्या हाताला बोल लावतं, मोबाइलचा गेला तर मोबाइलला. एक मात्र सांगते. पूर्ण लुडोचं ॲप दान कोणत्या नियमाने देतं ते आपल्याला दिसत नाही. म्हणून मोबाइल वापरायचाच तर पट कागदाचा ठेवा आणि मोबाइलवर फक्त फासा टाका. गूगलवर इंग्रजीत 'रोल डाइस' शोधलं की तो तिथेच मिळतो, वेगळं ॲप लागत नाही. नेट नसेल म्हणून ॲप घेतलंच आणि ते फोनमधले नंबर किंवा तुमचं ठिकाण मागू लागलं, तर लगेच काढून टाका. फाशाला तुमच्या नंबरांचं काय काम? जाहिरातींचीही मला काळजी वाटते. दोन दानं झाली की पैसे लावून खेळायच्या डावाची जाहिरात समोर, आणि मोबाइल धरलेला असतो आठ वर्षांच्या पोराने.

शिवाय वैशाखात दुपारी पारावर बसून खेळून बघा. उन्हात पडद्यावर आपलंच तोंड दिसतं, दान नाही.

चिंचोक्यांसाठी माझ्या मनात वेगळी जागा आहे. चिंचोका फोडून एक बाजू दगडावर घासून पांढरी करायची, असे चार घ्यायचे, आणि अष्टाचंगा मांडायचा. चार पांढरे पडले तर चार, चारही काळे पडले तर आठ. दोन्ही बाजू सारख्या पडतात असं धरलं तर सोळा दानांत एकदा चार, एकदा आठ, आणि सहा वेळा दोन. पण चिंचोका कधीच अगदी बरोबर अर्धा होत नाही, त्यामुळे प्रत्येक घरच्या चिंचोक्यांचा स्वभाव वेगळा. घासून तापलेला चिंचोका शेजारच्या पोरीच्या हाताला लावून चटका देणं हा खेळाआधीचा खेळ असतो, आणि तो कोणत्याही मोबाइलवर होत नाही.

वर्गात मात्र मोबाइल सरळ जिंकतो. माझ्या वर्गात २७ मुलं आहेत. गणित सोडवायला कोणाला उठवायचं हे मी ठरवलं की नजर आपोआप पुढच्या बाकावर जाते. आता १ ते २७ मधला आकडा मोबाइल काढतो आणि पडदा मी मुलांकडे फिरवते. मागच्या कोपऱ्यातली, वर्षभर 'हो मॅडम'च्या पुढे न गेलेली एक मुलगी आकडा बघून स्वतःच उठली आणि फळ्याशी आली. तिला कोणी हेरलं नव्हतं, म्हणून ती घाबरली नाही, असं मला वाटतं. यात फक्त एक पाळा: आकडा एकदाच काढायचा. "हा नको, परत दाबते" केलंत की पोरं त्याच क्षणी ओळखतात.

पैशाचा, पाण्याचा, हक्काचा प्रश्न आला की मी मोबाइल बाजूला ठेवते. आपल्याकडे निवडणुकीत मतं समान पडली की चिठ्ठी काढतात. मुंबई महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत प्रभाग २२० चा निकाल असाच लागला. चिठ्ठी सगळ्यांना समजते. पण तीही नीट कालवावी लागते. अमेरिकेत १ डिसेंबर १९६९ ला सैन्यभरतीसाठी जन्मतारखांची सोडत काढली, तेव्हा महिन्यामहिन्याने भरलेल्या डब्या पुरेशा मिसळल्या नाहीत आणि वर्षअखेरीस जन्मलेल्या पोरांचे नंबर जास्त लवकर लागले. सामाईक विहिरीवरच्या ओलिताच्या पाळ्या काढताना दोन गोष्टी कराच: चिठ्ठ्या सारख्या मापाच्या घ्या, आणि निकालानंतर उरलेल्या सगळ्या उघडून दाखवा. एकच नाव दोनदा नव्हतं हे त्याशिवाय कळत नाही.

भिशीत आम्हाला चिठ्ठीही अडली. आमच्यातल्या तिघींना वाचता येत नाही, म्हणजे त्यांनी वाचणारीवर भरवसा ठेवायचा. ठिपके मात्र सगळ्या मोजतात. कोणीतरी सुचवलं, दोन फासे टाकून बेरीज घेऊ, बारापर्यंत जाते. ते चुकीचं आहे. एक कधीच येत नाही, आणि ३६ पैकी सात सहा वेळा येतो तर बारा एकदाच. मग आम्ही एक लाल फासा घेतला, एक पांढरा. लाल विषम पडला तर पहिल्या सहाजणी, सम पडला तर पुढच्या सहा, आणि पांढऱ्यावर त्यातली कोणती ते ठरतं. बाराहीजणींना सारखीच संधी. जिचा नंबर आधी लागून गेला ती आली तर पुन्हा टाकायचं.

शेवटी दोघी उरल्या तेव्हा एकच फासा घेतला, विषम एकीचा, सम दुसरीचा. परातीत टाकला तर कडेला टेकून तिरपा उभा राहिला. कोणी हात लावला नाही. दोघीच म्हणाल्या, परत टाका, आणि या वेळी परात मधोमध सतरंजीवर ठेवली.